पांढरा रंग राखावा लागतो

कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील एका बाकावर बसून मी चित्र रंगवीत असलो, की सकाळी फिरायला येणारी मंडळी क्षणभर थांबतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "विकता का? एका चित्राचे किती मिळतात?" विचारणाऱ्यांत आपल्या समाजातील व्यापारी बंधू अधिक असतात आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपला नाही, तेथे हा प्रश्न स्वाभाविकच आहे. मी स्वतः छत्तीस वर्षे बँकेत काढली. कर्जाचा अर्ज समोर आला की परतफेड कोठून होणार, हाच माझाही पहिला प्रश्न असे.

"काहीच मिळत नाहीत," असे मी सांगतो, तेव्हा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी थोडी काळजी उमटते. त्या काळजीचे सविस्तर उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मात्र उत्तर माझ्यापासून सुरू होत नाही. ते माझ्या थोरल्या बंधूंपासून सुरू होते. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो.

खतावणीतील कागद

लक्ष्मीपुरीत आमचे धान्याचे दुकान. १९६७ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे होते आणि मी नऊ वर्षांचा. महिनाभरात अण्णांची शाळा सुटली व ते गल्ल्यावर बसले. पुढे दोन बहिणींची लग्ने झाली, वडिलांचे दीर्घ आजारपण निभावले, जुन्या देण्यांची फेड झाली आणि मी एम.कॉम. झालो. या सर्व खर्चांची बाजू अण्णांनी एकट्याने पेलली. पदवीचा पोशाख घालून काढलेला माझा फोटो आजही दुकानात गादीच्या वर आहे. अण्णांचा असा एकही फोटो नाही.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने दुकानाचे नूतनीकरण काढले. माळ्यावरच्या खतावण्या खाली आल्या. १९६७ च्या खतावणीत घडी घातलेला एक कागद निघाला. पुतण्या तो घेऊन माझ्याकडे आला. "काका, हे कशाचं आहे?" शासकीय रेखाकला परीक्षा, इंटरमिजिएट, अ श्रेणी, वर्ष १९६६. नाव अण्णांचे होते.

ही परीक्षा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. महाराष्ट्रातील शाळांत आजही आधी एलिमेंटरी व मग इंटरमिजिएट अशा दोन परीक्षा मुले देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे तिचे विषय असतात. 'अ' श्रेणी त्या काळी सहज मिळत नसे. मी तो कागद घेऊन अण्णांकडे गेलो व म्हणालो, "कधी बोलला नाहीत." ते म्हणाले, "कुणाला सांगायचं? तू तेव्हा तिसरीत होतास."

चिखलाचे वर्ष

त्या वेळी मी स्वतः जलरंगाचा विद्यार्थी होऊन पाच वर्षे झाली होती. निवृत्तीनंतर काही तरी करावे, म्हणून मी रंगपेटी घेतली होती. माझ्याजवळ कसलाही उपजत गुण नव्हता. एक निवृत्त चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी चार-सहा जणांना घेऊन बागेत बसत, त्यांच्यात मी सामील झालो.

घरात फोटो समोर ठेवून चित्र काढणे आणि बागेत बसून काढणे यांत मोठा फरक आहे. फोटोतील ऊन थांबलेले असते. बागेतील ऊन थांबत नाही. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. सात वाजता झाडाची जी सावली पायवाटेवर आडवी पडलेली असते, ती नऊ वाजता निम्म्याने आखडून बुंध्याकडे आलेली असते. म्हणून बसल्याबरोबर सावल्यांची जागा पेन्सिलीने पक्की करून घ्यावी लागते. पुढे प्रत्यक्ष सावली कोठेही जावो, आपण आपली पहिली नोंद बदलायची नाही. बँकेतील माणसाला हे चटकन पटते.

हवेचाही हिशेब असतो. एप्रिलमध्ये रंगाचा हात फिरवावा आणि दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधी पहिले टोक वाळलेले असावे, असे होते. पावसाळ्यात त्याच कागदाला वाळायला पाऊण तास लागतो. घाई करून ओल्या रंगावर दुसरा रंग चढवला, की दोन्ही मिसळून चिखल होतो. माझे पहिले वर्ष या चिखलात गेले.

हिरव्या रंगाने तर मला फारच छळले. बाग म्हणजे हिरवी, म्हणून मी पेटीतील तयार हिरवा सरसकट वापरी आणि प्रत्येक झाड प्लॅस्टिकचे दिसे. गुरुजींनी तो हिरवा पेटीतून काढूनच घेतला. निळा व पिवळा यांच्या मिश्रणातून हिरवा बनवायचा, त्यात किंचित तपकिरी घालून त्याचा भडकपणा उतरवायचा, असा नियम घालून दिला. त्यानंतर मी झाडांकडे पाहू लागलो. फाल्गुनात पिंपळाची नवी पालवी हिरवी नसतेच, ती तांब्याच्या भांड्यासारखी लालसर असते. आंब्याची कोवळी पानेही तशीच. वडाच्या पानावर सकाळचे ऊन पडले की ते पान हिरवे न दिसता जवळजवळ पांढरे दिसते. साठ वर्षे मी या झाडांखालून गेलो होतो आणि हे मला माहीत नव्हते.

त्या वर्षातील एक सकाळ मात्र विशेष लक्षात राहिली. हिरवळीच्या मध्यभागी पांढरा सदरा घातलेला माळी पाणी देत होता. मी आधी सारी हिरवळ मन लावून रंगवली आणि मग माळी काढायला घेतला. पांढऱ्या सदऱ्यासाठी रंग शोधू लागलो, तेव्हा गुरुजी म्हणाले, "तो सदरा आता गेला. पांढरा मागाहून भरायचा नसतो, आधी राखायचा असतो."

तैलरंगात हिरव्यावर पांढरा चढवता येतो. पारदर्शक जलरंगाची रीत निराळी आहे. येथे पांढरा म्हणजे कोरा कागद. रंगाच्या पातळ थरातून खालच्या कागदाचा उजेड वर येतो, म्हणून चित्र झळकते. जेथे लख्ख ऊन हवे, तेथे कागदाला स्पर्शच करायचा नाही. अपारदर्शक पांढरा बाजारात मिळतो, पण तो वरून लावला की खडूसारखा कोरडा व निर्जीव दिसतो. अर्थात पहिला फटकारा मारण्यापूर्वीच ठरवावे लागते, की एवढी जागा कशानेही भरायची नाही. आमच्या भाषेत याला तरतूद म्हणतात. वर्ष संपल्यावर तरतूद करता येत नाही.

पेटी, कुंचला आणि आपला विवेक

वाचकांपैकी कोणाला आरंभ करावयाचा असल्यास फार भांडवल लागत नाही. शाळकरी मुलांची रंगपेटी, दोन गोल कुंचले (एक जाड व एक बारीक), एक एचबी पेन्सिल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि जुनी सुती फडकी एवढे पुरते. एका बाटलीतील पाणी कुंचला धुण्यासाठी व दुसरीतील रंग कालवण्यासाठी. काटकसर करायचीच तर रंगात करावी, कागदात करू नये. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाणी पडले की तो फुगतो. प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद पाणी सोसतो. मोठा तक्ता घेऊन त्याचे आठ तुकडे केले की तो परवडतो.

साहित्य घेताना आपल्या घरांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. जलरंगाचे नामांकित कुंचले परंपरेने सेबल या प्राण्याच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. आपल्या देशात मुंगसाच्या केसांचे कुंचलेही वर्षानुवर्षे विकले जात. ते केस मुंगसे मारून मिळवले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण असून अशा कुंचल्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. मी पहिला कुंचला घेतला, तेव्हा दुकानदाराने "ओरिजनल केस आहेत" असे कौतुकाने सांगितले होते. कोणाचे केस, हे मी विचारले नाही. दाणा न दाणा निवडून खाणाऱ्या घरात वाढलेल्या मला तो प्रश्न सुचला नाही, याची आज लाज वाटते. कृत्रिम तंतूंचे उत्तम कुंचले आता सर्वत्र मिळतात. ते पाणी थोडे कमी धरतात, इतकाच फरक.

कागदाच्या बाबतीतही विचारावे. काही महागड्या विदेशी कागदांना जिलेटिनची खळ असते आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. काही रंगांत ओलावा टिकवण्यासाठी मध घालतात. काही काळे रंग हाडांच्या कोळशापासून बनतात. वेष्टन वाचले किंवा विक्रेत्याला स्पष्ट विचारले, की यांतील बहुतेक गोष्टी टाळता येतात. रंग बांधून ठेवणारा मुख्य पदार्थ बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक आहे, त्याला काहीच हरकत नाही. काळा रंग तर मी पेटीत ठेवतच नाही. गडद निळा व तपकिरी मिसळून त्याहून सुंदर काळोख तयार होतो.

बागेत बसतानाही थोडे पथ्य पाळतो. हिरवळ तुडवायची नाही, बाकावर किंवा स्वतःच्या घडीच्या स्टुलावर बसायचे. समोर हवे म्हणून फूल तोडायचे नाही. रंगाचे पाणी गवतात वा तळ्यात ओतायचे नाही, कारण काही पिवळ्या व लाल रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. ते पाणी बाटलीत भरून घरी न्यायचे. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तेथे संध्याकाळचे ऊन हाती लागणे कठीण. त्यांनी सकाळचे सात ते नऊ हे दोन तास धरावेत.

अण्णा बागेत येतात

खतावणीतील तो कागद सापडला, त्या सुमारास घरात एक निराळेच प्रकरण चालू होते. पुतण्याने दुकानात संगणक आणला होता. अण्णा रोज सकाळी जाऊन गादीवर बसत, बिले पुन्हा हाताने तपासत आणि उधारीवरून गिऱ्हाइकांशी बोलाचाली होई. एके दिवशी पुतण्या नम्रपणेच म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही घरी आराम करा." अण्णा दुसऱ्या दिवसापासून दुकानात गेले नाहीत. घरी ते खिडकीपाशी बसून राहत. जेवणाच्या वेळेस बोलावले तर उठत. पुतण्याशी त्यांचे बोलणे जवळपास थांबले. दोघांपैकी कोणाचीही चूक नव्हती. असे प्रसंग आपल्या अनेक घरांत घडतात आणि त्यांवर उपाय सापडत नाही, कारण ज्या माणसाने पन्नास वर्षे गल्ल्याशिवाय दुसरी जागाच पाहिली नाही, त्याने गल्ला सोडून जायचे कोठे?

मी त्यांना रविवारी माझ्याबरोबर येण्यास सुचवले. ते म्हणाले, "या वयात रंगपेटी घेऊन बसू? लोक म्हणतील, दुकान सुटलं आणि डोकं फिरलं." मी म्हटले, नुसते फिरायला चला. तेवढे त्यांनी मान्य केले.

त्या रविवारी आमचा गट टाऊन हॉलच्या बागेत बसणार होता. बागेतील ती काळ्या दगडाची जुनी इमारत आज वस्तुसंग्रहालय आहे. चित्र सुरू करण्यापूर्वी मी अण्णांना आत नेले. तेथे आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. कोल्हापूरला 'कलापूर' हे नाव ज्यांच्यामुळे शोभले, त्यांतील हे अग्रणी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी नाव मिळवले, पण ते तेथे न राहता कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ येथे ते तासन्‌तास बसत व निसर्गचित्रे रंगवीत. १९२२ साली महाराज गेल्यानंतर शोकाने त्यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगितले जाते. १९३१ साली त्यांचे निधन झाले.

हे सारे मी अण्णांना समजावून सांगू लागलो, तर ते हळूच म्हणाले, "ठाऊक आहे. आमचे ड्रॉइंगचे मास्तर आम्हाला इथं घेऊन आले होते." मग ते एका चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. पाण्यावर जेथे उजेड होता, त्या जागी त्यांनी काचेला न टेकवता बोट नेले व म्हणाले, "इथं काही केलेलंच नाही बघ."

मला ही गोष्ट कळायला एक वर्ष आणि एका माळ्याचा सदरा खर्ची पडला होता.

पुढच्या रविवारी अण्णा आपण होऊन आले. त्यांनी चित्र काढले नाही, पण माझ्या सर्व पेन्सिली ब्लेडने तासून दिल्या, जुन्या शाळेत शिकवीत तशा, लांब टोकाच्या. तिसऱ्या रविवारी मी एक कागद फळीला लावून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि काही न बोलता माझ्या कामाला लागलो. अर्ध्या तासाने पाहिले, तर समोरचे झाड कागदावर उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या हाताला कंप होता, पण रेषा चुकलेली नव्हती. खोड जेथे वळते, तेथेच ती वळली होती.

मग त्यांनी रंग घेतला आणि तासाभरात सारा कागद भरून टाकला. आकाश, पाने, वाट, सावली, सर्व काही. हात थांबल्यावर ते चित्राकडे पाहत राहिले. म्हणाले, "सगळं भरून टाकलं रे. जागाच ठेवली नाही."

मला त्या क्षणी बोलणे सुचेना. कित्येक वर्षे मनात साठलेले एक वाक्य तेवढे बाहेर आले. मी म्हटले, "अण्णा, माझं एम.कॉम. तुमच्या त्या कागदावर उभं आहे." अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. बाटली पुढे केली व म्हणाले, "पाणी बदल. गढूळ झालंय."

मी पाणी बदलून आणले, तोवर त्यांनी नवा कागद लावला होता.

जमेची बाजू

या गोष्टीला आता आठ महिने झाले. अण्णांची चित्रे माझ्याहून पुष्कळ चांगली होतात, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सध्या त्यांची चूक उलट दिशेने होते. पांढरे जाईल या भीतीने ते इतकी जागा सोडतात, की झाड अधांतरी राहते. गुरुजी त्यांना दर रविवारी यावरून टोकतात आणि अण्णा विद्यार्थ्यासारखे ऐकून घेतात. पुतण्याशी त्यांचे बोलणे पूर्ववत झाले आहे, असे म्हणता येणार नाही. पण दिवाळीत दुकानाच्या नव्या भिंतीवर अण्णांनी काढलेले रंकाळ्याचे चित्र लागले. ते पुतण्याने स्वतः चौकटीत बसवून आणले होते. अण्णांनी "चौकट महाग पडली असेल" एवढेच म्हटले. आमच्या घरात ही मोठी शाबासकी मानली जाते.

बागेत बसून रंगवल्याने प्रकृती सुधारते, आयुष्य वाढते, असा कोणताही दावा मी करीत नाही. झालेला बदल एवढाच : पूर्वी रविवारी सकाळी अण्णा खिडकीपाशी बसत. आता ते सात वाजता पिशवी घेऊन दाराशी उभे असतात आणि मलाच उशीर होतो.

आपल्या व्यापारी कुटुंबांना माझी दोन विनंत्या करण्याची इच्छा आहे. पहिली, जे आज गल्ल्यावर आहेत त्यांना. आठवड्यातील दोन तास आतापासूनच कोरे ठेवावेत. त्यांत वसुली नको, फोन नको, लग्नाच्या बैठका नकोत. चित्रच काढले पाहिजे असे नाही. पण ती जागा आज राखली नाही, तर पंचाहत्तरीला गल्ला सुटल्यावर ती आणायची कोठून? अण्णांचे नशीब की तळाशी जुना कागद शिल्लक होता. प्रत्येकाच्या खतावणीत तो असेलच असे नाही.

दुसरी विनंती घरातील मुलांविषयी. नववी-दहावी आली की आपण सर्वांत आधी चित्रकलेचा वर्ग बंद करतो. १९६७ साली आमच्या घरापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज बहुतेक घरांना तशी निकड नाही. मुलाला चित्रकार करा, असे मी म्हणत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा त्याला देऊ द्याव्यात आणि मिळालेले प्रमाणपत्र खतावणीत न ठेवता भिंतीवर लावावे.

पाऊस नसेल तर आमचा गट रविवारी सकाळी सात वाजता जमतो. एक आठवडा महावीर उद्यान, एक आठवडा टाऊन हॉलची बाग, उन्हाळ्यात पाणी उतरून संध्यामठ उघडा पडला की रंकाळा. कोणतेही शुल्क नाही. कागद आपला आणावा. पेन्सिलीला टोक नसेल तरी चालेल, अण्णा ते करून देतात.